एका किलोबाइटमधला संसार

मोबाइलवर 'महाराष्ट्र' हा शब्द टाइप केला की तो साठवायला ३० बाइट लागतात. देवनागरीतलं प्रत्येक सुटं चिन्ह (म, ह, काना, र, पुन्हा काना, ष, मग पाय मोडल्याची खूण, असं एकेक) आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत. शब्द ३४ वेळा लिहिला की १०२० बाइट होतात. १९८१ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आलेल्या झेडएक्स-८१ या घरगुती कॉम्प्युटरची मेमरी एकूण एवढीच होती. एक किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट. चौतीस वेळा 'महाराष्ट्र' लिहून वर चार बाइट शिल्लक.

या यंत्रावर लोकांनी खेळ लिहिले, घरखर्चाचे हिशेब मांडले, एकाने तर बुद्धिबळ बसवलं. आज साठीकडे झुकलेले कितीतरी प्रोग्रामर या डब्याचं नाव काढलं की हळवे होतात. त्यांना नेमकं काय आठवतं, आणि इतक्याशा जागेत प्रोग्राम मावायचा तरी कसा, ते इथे उलगडून सांगतो. कोडिंग येत नसलं तरी चालेल, बेरीज-वजाबाकी पुरे.

आधी यंत्राची ओळख. केंब्रिजमधली सिंक्लेअर रिसर्च ही क्लाइव्ह सिंक्लेअर यांची कंपनी. झेडएक्स-८१ची किंमत सुटे भाग घरी आणून स्वतः जोडायचे तर ४९.९५ पाउंड, तयार हवा तर ६९.९५. आत मोजून चार-पाच चिपा. कीबोर्ड म्हणजे सपाट प्लास्टिकवर छापलेल्या ४० कळा. पडदा घरातलाच टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला घरातलाच कॅसेट प्लेयर. बेसिक ही भाषा ८ किलोबाइटच्या रॉममध्ये कायमची कोरलेली. ती बहुतांशी स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिली होती. वीज लावली की कॉम्प्युटर लगेच तयार. रॉममध्ये तुम्हाला काही लिहिता येत नाही. तुमचं राज्य त्या १०२४ बाइटांच्या रॅमवर, आणि वीज गेली की तीही कोरी.

चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा. तिथे स्वयंपाकघर, झोपायची जागा आणि बैठक अशा वेगळ्या खोल्या नसतात. रात्री गाद्या पसरायच्या, सकाळी गुंडाळून ठेवायच्या, की त्याच जागी पाहुण्यांना बसवता येतं. झेडएक्स-८१ची रॅम अशीच चालायची. त्या एका किलोबाइटमध्ये तुमचा प्रोग्राम, प्रोग्राममधली चलं (बदलत्या किमती ठेवायचे नावाचे डबे), कॉम्प्युटरच्या स्वतःच्या नोंदी आणि टीव्हीवर दिसणारं चित्र हे सगळं एकत्र नांदायचं.

हिशेब मांडू. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या नोंदी १२५ बाइट, त्यांना हात लावायचा नाही. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येकीत ३२ अक्षरं, म्हणजे ७६८. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'ओळ संपली' अशी एक खूण आणि सुरुवातीला आणखी एक, मिळून ७९३ बाइट. १०२४ मधून १२५ आणि ७९३ वजा केले की उरतात १०६. एवढ्यात धड एक पूर्ण एसएमएसही बसत नाही, प्रोग्राम कसला लिहिणार?

म्हणून गाद्या गुंडाळल्या. मेमरी कमी असली की हा कॉम्प्युटर रिकाम्या ओळीसाठी ३२ जागा राखूनच ठेवत नसे. रिकामी ओळ म्हणजे फक्त शेवटची खूण, एक बाइट. त्यामुळे कोरा पडदा ७९३ ऐवजी २५ बाइटांत मावतो, आणि जसजसं काही छापाल तसतसा फुगतो. याचा परिणाम मजेशीर होता. पडद्यावर काय आणि किती दाखवायचं, हाही मेमरीचाच प्रश्न होऊन बसला. गुण डावीकडे दाखवले तर स्वस्त, उजव्या टोकाला दाखवले तर महाग, कारण तिथपर्यंत पोचायला मधल्या मोकळ्या जागाही साठवाव्या लागत. जागा संपली की कॉम्प्युटर पडद्याच्या खाली ४ हा आकडा आणि कुठल्या ओळीवर अडलं तिचा क्रमांक दाखवून गप्प बसे. ४ म्हणजे जागा नाही. लांबलचक खुलासा साठवायलाही जागा लागते ना!

आता प्रोग्रामची एकच ओळ भिंगाखाली धरू:

२० गोटू १०

अर्थ सोपा आहे: दहा क्रमांकाच्या ओळीवर जा. ही ओळ किती बाइट खाते? ओळीच्या क्रमांकाला दोन, ओळीची लांबी नोंदवायला दोन. 'गोटू' या आज्ञेला एकच, कारण आज्ञा अक्षर-अक्षर साठवली जात नसे. टाइपही होत नसे. ओळीच्या सुरुवातीला 'जी' ही कळ दाबली की अख्खा 'गोटू' उमटायचा, 'पी' दाबली की 'प्रिंट'. मग १ आणि ० या आकड्यांचे दोन बाइट. इथवर सात झाले. शेवटी ओळ संपल्याची खूण धरून आठ व्हायला हवेत.

पण होतात चौदा. मधले सहा कुठून आले?

तुम्ही लिहिलेलं '१०' हे कॉम्प्युटरच्या लेखी नुसतं अक्षरांचं चित्र. त्याच्याशी गणित करायचं तर आधी त्याचं आतल्या पद्धतीच्या संख्येत रूपांतर करावं लागतं. ओळ पुन्हा पुन्हा चालणार असेल तर हे काम दर वेळी कशाला करा? म्हणून ओळ टाइप करून झाली की कॉम्प्युटर ते रूपांतर एकदाच करून आकड्यांच्या मागे चिकटवून ठेवी. एक बाइट 'पुढे संख्या आहे' हे सांगायला आणि पाच बाइट प्रत्यक्ष संख्येला. प्रोग्रामची यादी पडद्यावर बघितली तर हे सहा बाइट दिसत नसत, पण जागा अडवून बसत. बेसिक लिहिणाऱ्यांनी वेळ वाचवण्यासाठी जागा खर्च केली होती. हा सौदा शहाणपणाचाच, फक्त जास्तीची मेमरी जोडून १६ किलोबाइट केलेल्याला परवडणारा.

एक किलोबाइटवाल्यांनी सौदा उलटा फिरवला. १० ऐवजी त्यांनी लिहिलं व्हॅल "१०". व्हॅल म्हणजे 'या अवतरणातल्या मजकुराची किंमत काढ'. अवतरणात असल्यामुळे तो मजकूर ठरतो, आणि त्याच्यामागे छुपे सहा बाइट चिकटत नाहीत. व्हॅलचा एक, अवतरणांचे दोन, आकड्यांचे दोन, एकूण पाच. आधी आठ लागत होते. प्रत्येक संख्येमागे तीन बाइट वाचले. बदल्यात कॉम्प्युटर दर वेळी तो मजकूर नव्याने वाचत बसतो आणि प्रोग्राम हळू होतो. वेळ देऊन जागा घ्यायची की जागा देऊन वेळ, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या वर्गात पुढे रीतसर शिकवतात. इथे तो शाळकरी पोरं कीबोर्डवर बसून सोडवत होती.

यातली माझी सर्वांत आवडती युक्ती शून्याची. प्रोग्राममध्ये शून्य लिहिलं तर सात बाइट: आकड्याचा एक अधिक छुपे सहा. त्याऐवजी लिहायचं 'नॉट पाय'. पाय म्हणजे ३.१४१५९ वगैरे. तो शून्य नाही, म्हणून कॉम्प्युटरच्या तर्कानुसार 'खरा'. खऱ्याचा नकार म्हणजे खोटं, आणि खोटं म्हणजे शून्य. नॉटची एक कळ आणि एक बाइट, पायचाही तसाच. दोन बाइटांत शून्य! एक हवा असेल तर 'साइन पाय' नव्हे हं, 'एसजीएन पाय': संख्या धन असेल तर हे फंक्शन १ देतं. तीन हवे असतील तर 'इंट पाय', म्हणजे पायचा पूर्णांक भाग. भूमितीशी काडीचाही संबंध नसलेल्या खेळांच्या प्रोग्राममध्ये जागोजागी पाय दिसतो तो यामुळे.

चलांचंही तसंच. एका अक्षरी नावाच्या चलात संख्या ठेवायला सहा बाइट. तेच चल 'फॉर' घालून मोजणीसाठी वापरलं तर अठरा, कारण शेवट कुठे, पाऊल केवढं आणि परत कुठल्या ओळीवर यायचं हेही लक्षात ठेवावं लागतं. मग एकच चल आळीपाळीने पाच कामांना जुंपायचं. ओळी कमी करायच्या, कारण प्रत्येक ओळ काही करायच्या आधीच पाच बाइट घेते. आणि 'रेम', म्हणजे स्वतःसाठी लिहिलेली टिप्पणी, ती तर सगळ्यात आधी उडवायची.

एक रेम मात्र ठेवायचा, तो भलत्याच कामासाठी. बेसिकमध्ये भागेना तेव्हा लोक प्रोसेसरच्या मूळ भाषेत, मशीन कोडमध्ये उतरत. त्या आज्ञा म्हणजे नुसते आकडे. ते ठेवायचे कुठे? प्रोग्रामची पहिलीच ओळ रेमची करायची आणि पुढे हवी तेवढी अक्षरं भरून ठेवायची. रेम आला की बेसिक ती ओळ न वाचता पुढे जातं. मग 'पोक' या आज्ञेने त्या अक्षरांच्या जागी एकेक आकडा बसवायचा. पहिली रेम ओळ असेल तर ती जागा नेहमी १६५१४ या पत्त्यापासून सुरू होते: प्रोग्राम सुरू होतो १६५०९ ला, त्यात ओळीच्या क्रमांकाचे दोन, लांबीचे दोन आणि रेमचा एक मिळवा. 'रँड यूएसआर १६५१४' म्हटलं की प्रोसेसर थेट तिथे उडी मारतो. यादीत बघितलं तर रेमपुढे चित्रविचित्र अक्षरांची रांगोळी दिसे. अख्खा खेळ त्यातच असे.

चित्र काढायचं कामही इथे प्रोसेसरच करतो, वेगळी चिप ठेवायची ऐपत नव्हती. पद्धत भन्नाट आहे. पडद्याच्या मेमरीतली अक्षरं जणू आज्ञाच आहेत अशा थाटात झेड-८० प्रोसेसर ती एकामागून एक वाचत सुटतो. शेजारची चिप मध्येच तो बाइट उचलते, प्रोसेसरच्या हातात 'काही करू नको' अशी आज्ञा सरकवते आणि उचललेल्या बाइटचं अक्षर टीव्हीवर उमटवते. मग ओळ संपली हे प्रोसेसरला कळणार कसं? ओळ संपल्याची जी खूण मघाशी पाहिली तिचा क्रमांक आहे ११८. झेड-८०च्या भाषेत ११८ म्हणजे 'थांब'. मुद्दाम निवडलेला आकडा. एकच बाइट बेसिकला 'ओळ संपली' सांगतो आणि प्रोसेसरला 'थांब'. या कामात प्रोसेसरचा पाऊणएक वेळ जातो. घाई असेल तर 'फास्ट' म्हणायचं. मग पडदा बंद होतो आणि तुमचं गणित साधारण चौपट वेगाने चालतं.

आता बुद्धिबळ. डेव्हिड हॉर्न यांचा प्रोग्राम एका ब्रिटिश मासिकात १९८२-८३च्या सुमारास छापून आला. आकार ६७२ बाइट. किल्लेकोट नाही, प्यादं शेवटच्या घरात पोचलं तरी वजीर होत नाही, 'आँ पासाँ' ही प्याद्याची खास मारही नाही. पण पट दिसतो, तुमची चाल तपासली जाते आणि कॉम्प्युटर उलट चाल करतो. खेळ म्हणून तो कच्चाच, सराईत खेळाडू त्याला सहज हरवेल. तरी ६७२ ही मजल इतकी अवघड होती की याहून लहान बुद्धिबळाचा गाजावाजा व्हायला २०१५ साल उजाडलं. ४८७ बाइटांचा तो प्रोग्राम आजच्या पीसीसाठी लिहिलेला होता.

१९८२च्या एप्रिलमध्ये याच कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. १६ किलोबाइटचा १२५ पाउंडांना, ४८चा १७५ पाउंडांना. त्यात रंग होते आणि रंगांतही काटकसर होती. पडद्यावर २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला आठांपैकी कुठलाही रंग द्यायचा तर ठिपक्यामागे तीन बिट (आठ बिटांचा एक बाइट), एकूण १८ किलोबाइट. छोट्या मॉडेलची सगळी मेमरीही पुरली नसती. म्हणून ठिपका फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो, त्याचे ६१४४ बाइट. रंग ठरतो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून: एक रंग शाईचा, एक कागदाचा. असे ७६८ चौकोन, प्रत्येकी एक बाइट. बेरीज ६९१२. म्हणून स्पेक्ट्रमच्या खेळात पिवळा माणूस हिरव्या झाडाजवळून गेला की झाडाचा चौकोनी तुकडा क्षणभर पिवळा होतो. काही लोक याला दोष म्हणतात. मी तरी म्हणत नाही, ११ किलोबाइट वाचवल्याची ती पावती आहे.

स्पेक्ट्रमचा धागा आपल्याकडेही येतो. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेऊन बनवलेली भारतीय आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम प्लस, बाजारात आणली. त्याआधी १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो आले होते. त्या पिढीतल्या मराठी मुलांचा कॉम्प्युटरशी पहिला संबंध आला तो बहुधा अशाच एखाद्या यंत्रामुळे.

या बीबीसी मायक्रोवरच काटकसरीचा कळस झाला. मेमरी ३२ किलोबाइट, त्यातलीही बरीच पडद्यात आणि व्यवस्थेत गेलेली. केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, यांनी १९८४ मध्ये 'एलिट' हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ काढला. त्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रहमालिका, एकूण २०४८. प्रत्येकीला नाव, नकाशावरची जागा, राज्यपद्धती, अर्थव्यवस्था, लोकसंख्या. एकेका मालिकेला वीस बाइट धरले तरी ४० किलोबाइट होतात, कॉम्प्युटरपेक्षा आकाश मोठं.

तर त्यांनी आकाश साठवलंच नाही, ते मोजून काढलं. कागद घ्या आणि २, ७, ४ हे आकडे लिहा. शेवटच्या तिघांची बेरीज करा, फक्त एकं स्थानचा अंक ठेवा, तो पुढे लिहा. २+७+४ म्हणजे १३, लिहा ३. मग ७+४+३ म्हणजे १४, लिहा ४. मग १. मग ८. पुढे ३, २, ३, ८... ओळ वरवर पाहता विस्कळीत दिसते, पण जगात कुणीही, कधीही २, ७, ४ पासून सुरुवात केली तर हीच ओळ येणार. सुरुवातीचा २ बदलून ५ केला की सगळीच ओळ बदलते: ६, ७, ७, ०... 'एलिट'मध्ये हेच केलंय, फक्त आकडे मोठे आहेत. दोन-दोन बाइटांच्या तीन संख्या, म्हणजे सहा बाइटांचं बियाणं. त्यातून निघणाऱ्या आकड्यांवरून ग्रहाची राज्यपद्धती ठरते, लोकसंख्या ठरते आणि नावही. नावासाठी इंग्रजी अक्षरांच्या तीसेक जोड्या आहेत: ला, व्हे, डि, सो, ले, एस, टि अशा. आकडा सांगेल ती जोडी उचलायची. खेळाची सुरुवात होते तो ग्रह 'लाव्हे' असाच, दोन जोड्यांतून तयार झालेला. 'डिसो' आणि 'लेएस्टि' त्याचे शेजारी. नकाशा मिटला की हे ग्रह कुठेच नसतात, पुन्हा उघडला की तेच ग्रह त्याच जागी. हातात बियाणं होतं म्हणून लेखक एका संध्याकाळी वेगळं बियाणं पेरून संपूर्ण नवी आकाशगंगा पाहू शकत होते. नको ती नावं निघाली की बियाणं बदलायचं.

आठवणींत रमलेली मंडळी हे सगळं सांगतात आणि शेवटी म्हणतात, 'टंचाईनेच आम्हाला घडवलं.' इथे मी थोडा हात आखडता घेतो. (टंचाईत वाढलेल्यांना टंचाईचं कौतुक फार. रेशनच्या रांगेचंही करतील.) बहुतेकांनी असलं काही शोधून काढलं नव्हतं, मासिकात छापलेली यादी ते टाइप करत होते, आणि एक आकडा चुकला की रात्र वाया जात होती. झेडएक्स-८१ कॅसेटवर सेकंदाला तीनशेएक बिट लिहायचा. १६ किलोबाइटचा प्रोग्राम चढवायला सात मिनिटांच्या आसपास लागत, आणि टेपचा आवाज थोडा कमी-जास्त असला की पुन्हा पहिल्यापासून. जास्तीची मेमरी हवी तर १६ किलोबाइटची डबी सुरुवातीला ४९.९५ पाउंडांना मिळायची, म्हणजे सुट्या भागांच्या कॉम्प्युटरएवढ्याच पैशांत. ती मागच्या बाजूला खोचायची. टेबलाला धक्का लागला की डबी हलायची आणि दोन तासांचं काम गायब. लोक ती चिकटपट्टीने बांधून ठेवत. आणि टिप्पण्या उडवून, एका चलाला पाच कामं लावून लिहिलेला प्रोग्राम सहा महिन्यांनी स्वतःलाही वाचता येत नसे.

काटकसरीची बिलं उशिरानेही येतात. मोठ्या कॉम्प्युटरांवर पूर्वी तारखेतलं वर्ष दोनच आकड्यांत ठेवत, तेही जागा वाचावी म्हणून. १९९९ नंतर हे '००' म्हणजे १९०० की २०००, असा घोळ होणार हे दिसू लागलं, आणि नव्वदच्या दशकात ते निस्तरायचं मोठं काम भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांकडे आलं. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी जणांची अमेरिकावारी त्या वाचवलेल्या दोन आकड्यांमुळे घडली.

पण हळवेपणात एक गोष्ट खरी आहे, आणि तिचा संबंध मेमरी कमी असण्यापेक्षा ती सगळी दिसण्याशी आहे. 'पीक' म्हटलं की कुठल्याही पत्त्यावर काय ठेवलंय ते कळायचं, 'पोक' म्हटलं की ते बदलायचं. कुणाची परवानगी लागत नव्हती. ८ किलोबाइटच्या रॉममधला एकूण एक बाइट काय करतो ते सांगणारी पुस्तकं दुकानात मिळत. एका माणसाच्या डोक्यात अख्खं यंत्र मावत होतं, वरपासून खालपर्यंत. आज ज्या फोनवर हे वाचताय तो संपूर्ण समजलेला माणूस पृथ्वीवर नाही.

ही कला संपलेली नाही, घरातल्या कॉम्प्युटरवरून उठून छोट्या उपकरणांतल्या चिपांत गेली आहे. इंजिनिअरिंगची मुलं ज्यावर हात बसवतात त्या जुन्या आर्डुइनो ऊनो या छोट्या सर्किट बोर्डच्या चिपमध्ये २ किलोबाइट रॅम असते. एटीटायनी-८५ नावाच्या इवल्याशा चिपमध्ये ५१२ बाइट, झेडएक्स-८१च्या निम्मी. आर्डुइनोवर संदेश छापायच्या दहा-वीस ओळी घातल्या की प्रोग्राम वेड्यासारखा वागू लागतो, कारण प्रत्येक संदेश रॅममध्ये उतरवला जातो. तो 'एफ' नावाच्या सोयीत गुंडाळला की फ्लॅश मेमरीतच, म्हणजे प्रोग्राम साठवायच्या कायमच्या जागेतच राहतो. व्हॅल "१०" लिहिणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर झेडएक्स-८१चे ब्राउझरमध्ये चालणारे एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, फुकट मिळतात. सेटिंगमध्ये जाऊन मेमरी १ के करा, नाहीतर बरेचदा १६ के असते आणि मग मजा नाही. एकच ओळ लिहा: १० लेट ए=०. मग ओळीचा क्रमांक न देता हा हुकूम सोडा: प्रिंट पीक १६३९६+२५६*पीक १६३९७-१६५०९. पडद्याची मेमरी जिथून सुरू होते तो पत्ता १६३९६ आणि १६३९७ या दोन घरांत लिहिलेला असतो. त्यातून प्रोग्रामची सुरुवात वजा केली की तुमच्या प्रोग्रामची लांबी निघते. उत्तर येईल १५. आता ती ओळ पुन्हा लिहा, शून्याच्या जागी नॉट पाय घाला. ही अक्षरं सुटी टाइप करू नका, दोन्ही वेळा शिफ्ट आणि न्यूलाइन एकत्र दाबून मग 'एन' आणि 'एम' या कळा दाबा. हुकूम परत सोडा. या वेळी १०.